वरून सोडलेली धार

जामखेडकरांनो, वाचनालयाच्या फळ्यावर हे खडूनं लिहितेय, कुणी पुसायच्या आत वाचा.

आज दुपारी सायकलवरून रेशमी कापड विकणारा चिनी माणूस दारात आला. त्यानं पाणी मागितलं. तांब्या विटाळू नये म्हणून मी तो उंच धरून त्याच्या ओंजळीत धार सोडली.

तोंड पुसत तो म्हणाला, "बाई, माझं घर जीनान शहरात, जुन्या तळ्याकाठी. दारातच पाणी, कमळं, होड्या. तिथं पाहुणा आपल्या हातानं घेऊन पितो. तुमी स्वतः पाजलं. लई मान दिला."

खरं सांगायचं मला धाडस झालं नाही.

उद्या तो परत येणार आहे. तांब्या त्याच्या हातात देईन, एवढं लिहितानाही खडू अडतोय. तुम्ही द्याल?