मोबाइलशी घातलेला वाद

म्हातारी गेली आणि मी कवठे महांकाळकडचं घर बंद करून मुलाकडं सांगलीत आलो. विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर. इथं सगळे माझ्याशी गोड बोलतात. चहा पाणचट झालाय म्हणालो तरी "व्हय आबा." अरे, नाही म्हणा की एखाद्या वेळी! घरात भांडायला माणूस नसलं की जेवणसुद्धा गोड लागत नाही.

नात मात्र दार लावून रोज कुणाशी तरी कडाकडा भांडायची. म्हटलं, कोण गं हा? तर म्हणाली, "एआय आहे आबा, मोबाइलमधलं." तिचा एम.ए.चा प्रबंध आमच्यावरच, मेंढरं घेऊन गावोगाव फिरणाऱ्या धनगरांवर. सरांनी एकदा परत पाठवलेला. आता सोमवारी पुन्हा मांडायचा, आणि या खेपेला नाही जमलं तर वर्ष वाया. म्हणून ती मोबाइलला सांगायची, तू माझ्या विरुद्ध बोल, चुका काढ. मला ते पटलं. मैदानात उतरायच्या आधी तालमीत जोड लागतेच.

शनिवारी मीही तिच्या खोलीत जाऊन बसलो. ती वाचत होती, "वाटेवरचे सगळे निर्णय पुरुष घेत." ते मीच तिला सांगितलेलं.

मोबाइलमधली बाई शुद्ध बोलली, "तुमच्या सगळ्या मुलाखती पुरुषांच्या आहेत. बायकांना विचारलं का?"

माझं डोकं फिरलं. "मेंढरं राखलीस का म्हनावं कवा?"

"तुम्हीच म्हणा की," म्हणत पोरीनं मोबाइल माझ्यापुढं धरला.

"ए बाई, तळ कुठं टाकायचा ते मी ठरवायचो. बायका नुसतं बिऱ्हाड घोड्यावर लादून पुढं जायच्या."

"म्हणजे तळावर आधी त्या पोचायच्या?"

"मग? मेंढरं चरत चरत येत्यात, दिस मावळतो."

"मग नेमकी जागा त्याच ठरवत असतील, असं मी म्हटलं तर?"

"काय बी बोलू नगंस! मी सांगायचो, वड्याकाठी थांबा. आन जाऊन बघतोय तर हिनं चूल मांडलीया वर माळावर! म्हनलं, हितं का? तर म्हनती, आवं, खाली लय वल हाय, कोकरं खोकाय लागली तर तुमी छातीशी धरून बसनार हाय व्हय? दर खेपंला त्येच. माझं एक ऐकलं न्हाई त्या बाईनं कवा!"

नात उशीत तोंड घालून हसत होती.

"आजोबा," मोबाइल म्हणाला, "यानं तर माझीच बाजू भक्कम झाली."

मी पाणी प्यायलो.

नातीचं हसू मात्र ओसरलं. "आबा, सगळं प्रकरणच बदलावं लागणार. आजीला विचारायला हवं होतं."

"आता कुटली इचारतीस," म्हणालो. मग आठवलं, "माझी थोरली भन हाय की गावाकडं. आमच्याच तळावर असायची. कानानं कमी हाय, तोंडानं न्हाई."

रविवारी सकाळच्या एसटीनं गेलो. नातीनं बहिणीच्या कानात ओरडून विचारलं, तळ कोण ठरवायचं? बहिणीनं माझ्याकडं बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

"ह्यो? ह्यो यीस्तवर आमच्या भाकरी थापून व्हायच्या. आल्यावर नुस्ता बोंबलायचा, मग गप जेवायचा."

शेजारच्या म्हाताऱ्याही येऊन बसल्या. माझी लाज काढत दुपारपर्यंत बोलत होत्या. नात लिहीत होती.

सोमवारी ती कॉलेजातून आली ती चप्पल न काढताच माझ्या खोलीत.

"सरांनी पहिल्यांदा तेच विचारलं आबा, बायकांचं काय म्हणून."

"मग?"

"आजीची कोकरं सांगितली. त्यांनी दोनदा सांगायला लावलं. झाला प्रबंध पास!"

ती आईला सांगायला पळाली. मोबाइल माझ्या पलंगावरच राहिला. कुठं दाबायचं ते एव्हाना मला माहीत झालेलं.

"ए बाई," म्हणालो, "काय बी म्हन, वड्याकाठचीच जागा बरी हुती."

"तुमचा अनुभव मोठा आहे आजोबा, तुमचंही बरोबर असेल."

"आसं गुळमुळीत न्हाई," म्हणालो. "आडवं बोल."