काळ्या पडद्यातलं मोहाचं झाड

वडशात नाटकांचे पडदे रंगवणारे आमचे एक शेजारी आहेत, भाऊ. रोज अंगणात येऊन एकच विचारतात, "बाई, पोराचा फोन आला का?" पोरगा परमुलखात कामाला गेलाय, त्याच्याजवळ नंबर माझाच. दिवाळीपासून फोन नाही.

यंदा इथल्या पोरांनी वर्गणीतून सिनेमा काढला, अंतराळात अडकलेल्या माणसांचा. भाऊंनी जंगलाच्या जुन्या पडद्यावर काळा रंग फासून अंतराळ केलं. दिवे लागले तर त्यातून मोहाचं झाड दिसायला लागलं.

"भाऊ, अजून एक हात मारा नं," सिनेमावाला पोरगा म्हणाला.

"नाई मारत. कोणीच घरी नाई पोचत तुह्या सिनेमात. झाड तरी दिसू दे त्याइले."

सिनेमा पाहताना सगळे झाडाला हसले. भाऊंनी तेवढं वळून माझ्याकडे बघितलं. मी फोन बघितला आणि नाही म्हणून मान हलवली.