पुडी न बांधणारी मार्थामावशी

मार्थामावशी पुडी बांधत नसे. हिंगोलीच्या जुन्या छावणीत, चर्चच्या अंगणात, नाताळाआधी बाजार भरे. कामट्यांच्या कागदी चांदण्या, लोकरीच्या टोप्या, संत्री, बांगड्या. तिथंच कडुलिंबाखाली मावशीची कानवल्यांची पाटी असे आणि शेजारी पाण्याचा माठ. गिऱ्हाइकानं "बांधून दे" म्हटलं की ती पाटीवर फडकं ओढी. "पुडी न्हाई मिळत. हितं उभं राहून खायाचं, वरून पानी प्यायाचं. जमत न्हाई तर वाट मोकळी हाय."

मावशी मूळची कनेरगाव नाक्याकडची, गावकुसाबाहेरची. तिच्या बापानं ख्रिस्ती धर्म घेतला, तरी लोकांच्या लेखी ती होती तिथंच राहिली. आधी तीही पुड्या बांधत होती. मोठ्या घरांतले गडी यायचे आणि धोतराच्या सोग्यात पुडी लपवून न्यायचे. अशाच एका घरच्या बाईनं, मावशी आडाजवळून गेली म्हणून, आपली भरलेली घागर ओतून दिली. मावशी सांगे, "सकाळी माझाच कानवला खाऊन आलती ती. ओठाला खसखस लागलेली दिसून राहिली होती. त्या दिवसापासून पुडी बंद."

आम्ही कुणबी, नरसीजवळच्या खेड्यातले. मॅट्रिकच्या वर्षी मी हिंगोलीत आमच्याच जातीच्या लोकांनी चालवलेल्या बोर्डिंगात राहत होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सही केलेली नव्हती, सगळे अंगठेच. बोर्डिंगातली जागा गेली तर शाळा गेली, आणि शाळा गेली तर औत माझी वाट बघत होतंच. नाताळच्या बाजाराला जायची आम्हाला बंदी होती. मी तरी गेलो. त्या दिवाळीला मला घरी जाता आलं नव्हतं, आणि कडुलिंबाखालून येणारा वास थेट आमच्या चुलीवरच्या तळणीचा होता.

मावशीनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"बोर्डिंगातलं पोरगं दिसून राहिलं तू."

"व्हय."

"मग सरक पुढं, लेकरा. उभ्यानं खाल्लं तर तुझे अण्णासाहेब ठेवायचे न्हाईत तुला."

अण्णासाहेब म्हणजे आमचे सुपरिंटेंडेंट.

"काहून न्हाई ठेवणार? माझ्या आईचा कानवला असाच असतो."

"कुणब्याच्या बाईचा आन् माझा? मग सांग की जाऊन तिला," ती म्हणाली, पण फडकं तिनं बाजूला सारलं.

मी दोन खाल्ले. पाणी प्यालो. सगळ्या बाजारादेखत.

दुसऱ्या दिवशी अण्णासाहेबांनी सगळ्या पोरांना ओळीनं बसवलं आणि मला उभं केलं. "पंचगव्य घे, चुकलो म्हण. विषय संपला."

"चुकलो नाही," मी म्हणालो. "कानवला चांगला होता."

पंगत बसायच्या आत माझी पेटी ओसरीवर आली.

पेटी डोक्यावर घेऊन मी छावणीत गेलो. मला बघून तिथल्या पाद्रीसाहेबांना फार आनंद झाला. "ये बाळा, तुला देवानंच पाठवलं," असं ते म्हणताहेत तोच मावशी मध्ये आली.

"देवानं न्हाई, अण्णासाहेबानं पाठवलं. पोरानं कानवला खाल्लाय साहेब, धरम न्हाई मागितला. कानवल्यासंगं धरम वाटायचा असंल तर उद्यापासून माझी पाटी बंद."

पाद्रीसाहेबांनी पुन्हा तो विषय काढला नाही. तिनं मला स्वतःच्या घरीही ठेवून घेतलं नाही. "माझ्या घरात राहिला तर म्हणतील, बाटवला. तू कुणबीच राहा. कुणबी राहून खाल्लं, हेच त्यांना झोंबायला पायजे." शेजारी बांगड्या मांडून बसलेले करीमचाचा ऐकत होते. ते म्हणाले, "मेरी कोठरी खाली पडी है, बेटा. अपने हात से पका ले, कोई तकलीफ नहीं."

त्या कोठडीत मी मॅट्रिक झालो. परीक्षेपर्यंत मावशी जाता-येता दारातून हाक मारी, "वाचून राहिला का नुसता बसून राहिला?" आत कधी आली नाही. पुढे हैदराबादेत मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला. हे मी नम्रपणे सांगत नाही; अशी माणसं पाठीशी असल्यावर नम्र कशाला व्हायचं?

मावशीला जाऊन आता खूप वर्षं झाली. मला ती दिसते ती निजामाचं राज्य गेलं त्या वर्षीच्या नाताळातली. अण्णासाहेब नवी पांढरी टोपी घालून पाटीसमोर उभे होते.

"आता सगळे सारखे झालो, मार्थाबाई. घरच्यांसाठी बांधा एक पुडी."

"सारखे झालो ना? मग खा की हितं."

अण्णासाहेबांनी मागंपुढं पाहिलं. आज आपला उपास असल्याचं त्यांना आठवलं.

"उपास सुटला की या," मावशी फडकं ओढत म्हणाली. "मी हितंच हाय."

त्यांच्या मागं मी उभा होतो आणि माझ्यासोबत आई होती. कुणाच्या पाटीवर नेतोय ते सांगूनच मी तिला गावाहून गाडीत घालून आणलं होतं. आमच्या गावची चार माणसं बाजारात फिरत होती आणि तीही तिला दिसत होती. खाईल की परत फिरेल, मला सांगता आलं नसतं.

आईनं पदर सावरला, हात पुढं केला. कानवला सावकाश खाल्ला, माठातलं पाणी प्याली, तोंड पुसलं.

"खोबरं जरा कमी भाजलंय," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत मावशीच्या कानवल्याला कुणी नावं ठेवली नव्हती. मोठ्या घरचे लोक आधी लपून खात, पुडी बंद झाल्यावर खातच नसत. मावशीनं एक कानवला फोडला, सारण चिमटीत घेऊन जिभेवर ठेवलं, डोळे मिटून चघळलं.

"व्हय गं," ती म्हणाली. "पुढल्या साली भाजायला तूच ये."