नाक वर करून उभं राहणारं विमान

पोलीस खात्यातल्या नोकरीत तपासलेल्या कित्येक गुन्ह्यांची कलमं आता आठवत नाहीत. गिरगावातली एका तळहाताएवढ्या विमानाची तक्रार मात्र मनातून गेलेली नाही.

सकाळची हजेरी आटोपली होती. ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी एक वृद्ध गृहस्थ उभे होते. त्यांची सारी नोकरी विमानतळावर, विमानांच्या देखभालीत गेलेली. निवृत्त होताना सोबत्यांनी त्यांना जंबो विमानाची धातूची छोटी प्रतिकृती भेट दिली होती.

"ती कुणीतरी बदलली," ते म्हणाले. "शोकेसमध्ये आहे ते माझं विमान नाही."

पाठोपाठ धापा टाकत मुलगा आला. "साहेब, बाबांचं हल्ली डोकं ठिकाणावर नसतं. या विमानापासूनच सुरू झालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. एकटं बाहेर सोडत नाही आम्ही, आज आईची नजर चुकवून आले. तुम्ही नुसतं हो म्हणा आणि पाठवून द्या."

काका चिडले नाहीत. मला म्हणाले, "विमान गेल्याचं वाईट वाटतंच. पण ते बदललंय हे खरं निघालं, तर माझं डोकं शाबूत आहे. मला तेवढंच हवंय, साहेब."

मी त्यांना एकट्यालाच केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला आणि फरक काय ते विचारलं.

"माझ्या विमानाचं पुढचं चाक उंच होतं, त्यामुळे ते नाक वर करून उभं राहायचं. खरं जंबो असं उभं राहत नाही. कॉकपिटच्या काचाही खाली छापल्या होत्या. पायलटला डुलकी लागलीय म्हणून आम्ही हसायचो. हे सरळ उभं आहे, काचा जागच्या जागी आहेत."

"म्हणजे हे जास्त चांगलं आहे?"

"कितीतरी चांगलं आहे. म्हणून तर माझं नाही."

या उत्तरानं मी सावध झालो. खोटी किंवा भ्रमातली तक्रार करणारा आपल्या गेलेल्या वस्तूचं कौतुक करतो, तिच्यातल्या चुका सांगत बसत नाही. मी अदखलपात्र नोंद घ्यायला लावली आणि मुलाला ते विमान व घरात असेल तो जुना फोटो आणायला सांगितलं. तो नाइलाजानं घेऊन आला. फोटोत काका हार घालून उभे होते, हातात विमान.

आमच्या हवालदाराची दाढ दादरच्या एका दंतवैद्यांनी काढली होती. त्यांच्या दवाखान्यात छंद म्हणून जमवलेल्या अशा छोट्या विमानांचं कपाट आहे, ही खबर त्याचीच. मी दोन्ही वस्तू घेऊन तिकडे गेलो. डॉक्टरांनी दात तपासायचं भिंग डोळ्यांवर चढवलं, विमान सगळ्या बाजूंनी फिरवलं, मग फोटो मोठा करून पडद्यावर घेतला.

"साचेच वेगळे आहेत," ते म्हणाले. "जुन्याचा ढोबळ होता. नाक वर, काचा खाली, पंख अंगाला बसतो तिथे फट. यात इंजिनाची पाती कोरलेली आहेत, छपरावर अँटेना आहेत, अक्षरं भिंगाखालीही फुटत नाहीत. कुणीतरी चांगलं शोधून आणलंय. तुमचे काका अगदी बरोबर आहेत."

परतताना मी विचार करत होतो. चोर चांगला माल उचलतो आणि जागेवर भिकार ठेवतो. इथं उलट झालं होतं. बदलणाऱ्याला काही मिळवायचं नव्हतं, काहीतरी झाकायचं होतं. आणि ते करणाऱ्याचा काकांवर जीव होता.

दुसऱ्या दिवशी महिला हवालदाराला घेऊन, साध्या कपड्यांत, मी खोताच्या वाडीजवळच्या त्यांच्या घरी गेलो. काकू स्वयंपाकघरात होत्या. मी म्हटलं, "काकू, शोकेस पुसतं कोण?"

 त्यांनी साड्यांच्या कपाटातून एक पुरचुंडी काढली. आत पंख तुटलेलं विमान होतं.

"पुसताना हातातून पडलं," त्या म्हणाल्या. "ते देणाऱ्यांतले बरेचसे आता हयात नाहीत. ह्यांना काय वाटेल, म्हणून नवीन आणून ठेवलं. वाटलं, कळायचं नाही."

"त्यांनी ओळखलं तेव्हा का बोलला नाहीत?"

"बोलणारच होते. तेवढ्यात मुलगा डॉक्टरकडे घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या. मग मी कुठल्या तोंडानं सांगू? रोज सकाळी गोळी मीच हातावर ठेवत होते ह्यांच्या."

काका आणि मुलगा दारात येऊन उभे होते. काकांनी ते मोडकं विमान टेबलावर ठेवलं. एका पंखावर कलंडलं, तरी नाक वरच होतं.  मुलानं मान खाली घातली.

मग काका बायकोला म्हणाले, "अगं, मला रात्र रात्र झोप नव्हती. वाटायचं, उद्या तुझाही चेहरा ओळखू येणार नाही." काकूंनी त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

तक्रार त्यांनी मागे घेतली. हे सगळं गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा, असं मी मुलाला बजावलं. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि गोळ्या बंद केल्या.

चौकशीत मला भेटलेली बहुतेक माणसं स्वतःला वाचवायला खोटं बोलत. काकू नवऱ्याचं मन राखायला गप्प बसल्या, आणि त्याचा स्वतःवरचाच विश्वास जायची वेळ आली. एवढं मोठं नुकसान मी सराईत गुन्हेगारांनाही सहजी करताना पाहिलं नाही. त्यानंतर ठाण्यात कुणी म्हातारं माणूस यायचं आणि सोबतचा नातेवाईक त्याच्या वतीनं बोलू लागायचा, तेव्हा मी आधी नातेवाइकाला बाहेरच्या बाकावर बसवायचो.