मातीच्या विटा आणि सुनीताचं स्थळ

लोकांना जे हवंय ते विकणाऱ्याकडे गिऱ्हाईक साठतं. नको असलेलं विकणाऱ्याकडे किस्से साठतात. आमची संस्था दुसऱ्या जातीतली. पंचवटीत पूजेच्या सामानाच्या दुकानावर दोन खोल्या, त्यात चार टेबलं, आणि टेबलांवर सूर्यचूल, बिनधुराची चूल, गोबरगॅस, मातीच्या विटा अशा सगळ्यांची माहितीपत्रकं. नव्वदच्या दशकात मी तिथं चिकटलो तो बारा वर्षं निघालो नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून बिल्डरकडे न जाता इथं आलो, म्हणून आमच्या आईनं सहा महिने माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं. आता मात्र मित्र जमले की म्हणतात, "तुझ्या त्या संस्थेतलं काहीतरी सांग रे." आणि एक किस्सा सांगितला की मागोमाग दुसरा येतोच.

माणसं फार नव्हती. दातार सर म्हणजे संस्थेचे सर्वेसर्वा. पॉलिटेक्निकमधून रिटायर झालेले, भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा खादीचा शर्ट. खोटं बोलता येत नाही हा त्यांचा एकमेव दुर्गुण. मंदाताई दिंडोरीकडच्या. खेडोपाडी फिरून चुली बसवायचं काम त्यांचं. बाईला कुणाची भीडभाड नाही, सरांची तर नाहीच. एकनाथ मिस्त्री विटा पाडायचे, आणि मी पडेल ते काम करायचो.

*

सूर्यचूल म्हणजे एक पेटी. वर काच, झाकणाला आतून आरसा. सकाळी डाळ-तांदूळ आत ठेवायचे, दुपारी शिजलेले काढायचे. यात चुकण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं.

गंगापूर रोडच्या एका वहिनींनी मोठ्या हौसेनं चूल नेली आणि आठ दिवसांत तक्रार, की डाळ कच्चीच राहते. मी स्कूटर काढून गेलो. चूल हॉलमध्ये, टीव्हीशेजारी, वर क्रोशाचा रुमाल. म्हटलं, "वहिनी, ही गच्चीवर उन्हात ठेवायची असते."

वहिनी म्हणाल्या, "अहो, नवी कोरी आहे. उन्हात ठेवली तर रंग उडेल ना!"

मी पाणी प्यायलो आणि परत आलो. सरांना सांगितलं, तर त्यांनी वहिनींना हसण्याऐवजी मलाच झापलं, की चूल देताना नीट समजावून सांगितलं नसणार. पुढच्या माहितीपत्रकात पहिलं वाक्य आलं: 'सूर्यचूल उन्हात ठेवावी.'

*

मग सरांच्या डोक्यात आलं, की लोकांचा विश्वास बसायचा तर धर्माची साथ हवी. रथसप्तमी जवळ आलेली. त्या दिवशी सूर्याला खिरीचा नैवेद्य असतो. सरांचा बेत असा, की खीर सूर्यचुलीत शिजवायची आणि नदीकाठी चार लोकांसमोर नैवेद्य दाखवायचा. फोटो पेपरला द्यायचा. बेत खरंच चांगला होता.

खालच्या दुकानात रोज येणारे एक गुरुजी होते, त्यांना तयार केलं. खीर झकास शिजली. गुरुजी आले, पेटी पाहिली, कशी चालते ते विचारून घेतलं आणि पळी खाली ठेवली.

सर म्हणाले, "अग्नी नाही म्हणून अडचण आहे का?"

"छे, सूर्य म्हणजे अग्नीच," गुरुजी म्हणाले. "पण सर, सकाळपासून तीन तास तो या खिरीत डोकावून बसलाय. आता हीच त्याला दाखवायची, म्हणजे त्याचंच उष्टं त्याला दिल्यासारखं नाही का?"

आयुष्यभर पोरांच्या शंका फेडलेल्या सरांनी खिरीवर झाकण ठेवलं. फोटोग्राफर परत गेला. खीर आम्ही ऑफिसात बसून संपवली, आणि गुरुजींनीही दोन वाट्या घेतल्या.

*

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका वस्तीवर आमचा पहिला गोबरगॅस. उद्घाटनाला सभापती, मंडप, हार, सगळं. आता यात एक मेख असते. नव्या टाकीतला पहिला गॅस पेटत नाही. तो सोडून द्यायचा असतो, मग पुढचा पेटतो. हे सरांना पाठ होतं, मला पाठ होतं. मी म्हटलं सरांनी सोडला असेल, सर म्हणाले मला वाटलं तू सोडलास.

सभापतींनी एक काडी ओढली, दुसरी ओढली, काडेपेटी संपत आली. लोक चुळबुळ करायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं की शेण कमी पडलं असेल, अजून पाहुणे बोलवा. तेवढ्यात मंदाताई घरामागून चहाचं भलंमोठं पातेलं घेऊन आल्या आणि सभापतींच्या हातात पहिला कप दिला. शेजारणीच्या चुलीवर केलेला चहा तो, पण सगळ्यांना वाटलं आतली शेगडी पेटली!

सभापती भाषणात म्हणाले, "लोक म्हणतात शेणाचा वास येईल. मी स्वतः पिऊन पाहिला. अजिबात वास येत नाही." टाळ्या पडल्या. दातार सर खरं काय ते सांगायला उठले होते, मंदाताईंनी शर्ट धरून खाली बसवलं. त्या दिवशी वस्तीवरच्या सात जणांनी नावं दिली. सर मात्र परतीच्या एसटीत एकटेच मागच्या सीटवर जाऊन बसले.

*

मंदाताईंची पण जिरली एकदा, तेही सांगायला हवं. पेठकडच्या पाड्यावर त्यांनी बिनधुराच्या चुली बसवल्या. धूर नळकांड्यातून छपराबाहेर जायचा. महिन्यानं आम्ही बघायला गेलो, तर प्रत्येक नळकांड्यात चिंधी कोंबलेली, घरात धूरच धूर. मंदाताईंचा पारा चढला. एका म्हातारीला म्हणाल्या, डोळे फुटतील, मग कळेल.

म्हातारीनं वर बोट दाखवलं. आढ्याला पुढच्या वर्षाचं बियाणं टांगलेलं होतं, धुरानं काळं झालेलं. धूर बसला की कीड लागत नाही.

"डोळे माझे एकलीचे हायेत, बाई," ती म्हणाली. "बी सगळ्या घराचं हाय."

मंदाताई खाली बसल्या आणि तिच्याकडून नीट समजून घेतलं. शेवटी ठरलं, की सुगीनंतर चिंधी लावायची आणि एरवी काढायची. हा किस्सा मी हसवायला सांगायला लागतो आणि दर वेळी मध्येच माझं हसू जातं.

*

आता विटा. मुरमाड माती, त्यात थोडं सिमेंट, हातानं दाबायचं यंत्र. वीट पडली की तीन आठवडे ओल्या पोत्याखाली ठेवायची. भट्टी नाही, लाकूड नाही, धूर नाही. दातार सरांचा सगळा जीव या विटांत. अख्ख्या नाशकात या विटांचं एक तरी घर कुणीतरी आपणहून मागून बांधून घ्यावं, एवढीच त्यांची इच्छा. आणि लोक विचारायचे एकच, "पावसात विरघळली तर?"

म्हणून सरांनी ऑफिसात पाण्याच्या बादलीत एक वीट बुडवून ठेवली. दोन वर्षं ती तशीच, ठणठणीत. एक कॉन्ट्रॅक्टर आले. त्यांनी बाही वर करून वीट काढली, ठोकली, नखानं खरवडली आणि म्हणाले, "वीट एक नंबर आहे सर. पण मला घर बादलीत बांधायचं नाहीये."

ते गेल्यावर सरांनी वीट उचलून पुन्हा बादलीत ठेवली. तेव्हा एकनाथ मिस्त्री म्हणाले, "दुसरं कुणी नाय बांधत तर मी बांधतो सर. माझा प्लॉट हाय मखमलाबादला."

आणि बांधलं की त्यांनी! जाड भिंती, वर कौलं, पुढे ओटा. सरांनी एकच हट्ट धरला, की बाहेरून प्लास्टर करायचं नाही. प्लास्टर केलं तर विटा दिसणार कशा? मिस्त्री तयार झाले. घर इतकं देखणं, की मी माझ्या बायकोला मुद्दाम दाखवायला नेलं होतं.

फक्त एक गोष्ट आमच्या कुणाच्याच लक्षात आली नाही. मिस्त्रींना लग्नाची मुलगी होती.

सुनीता बी.ए. झालेली, चुणचुणीत, बापासारखीच हाताला वळण असलेली. पहिलं स्थळ आलं, पोहे खाऊन गेलं आणि नकार आला. मध्यस्थानं सांगितलं, की मुलगी चांगली आहे, पण घराला अजून प्लास्टर करता आलेलं नाही, म्हणजे परिस्थिती बेताचीच दिसते. दुसरं स्थळ ओट्यावरूनच घर बघून गेलं. मिस्त्रींच्या मंडळींनी अन्नपाणी सोडायचंच बाकी ठेवलं. म्हणाल्या, तुमच्या सरांच्या विटांपायी माझी पोर घरात बसणार.

मिस्त्री ऑफिसात आले आणि मान खाली घालून उभे राहिले. सरांनी विचारण्याआधीच ओळखलं. "प्लास्टर करून टाक एकनाथ," ते म्हणाले. "पोरीपेक्षा वीट मोठी नाही." आवाज अगदी सरळ होता, पण नंतर ते गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि मला फार वाईट वाटलं.

सिमेंटची पोती आली. सोमवारी काम सुरू करायचं ठरलं. आणि शनिवारी निरोप आला, की लासलगावचे पाहुणे उद्याच येतायत!

वैशाखातला रविवार, दुपारी साडेबारा. घरचीच माणसं म्हणून आम्ही तिघंही हजर. मंदाताईंनी सरांना ओट्यावरच दम भरला होता, की पाहुणे जाईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. विटांबद्दल तर नाहीच नाही. मुलगा, त्याची आई आणि वडील असे तिघं आले. वडिलांना सगळे आप्पा म्हणत. आडवं अंग, घामानं निथळत होते. येतानाच त्यांची नजर भिंतीवरून फिरली आणि मिस्त्रींचा चेहरा उतरला.

पोहे आले आणि लाईट गेली. लोडशेडिंगचे दिवस ते. आप्पा भिंतीला टेकून बसले, सुनीताला नाव विचारलं, शिक्षण विचारलं. तिसरा प्रश्न अर्ध्यावर आला आणि त्यांची मान कलली. घोरायलाच लागले!

उठवणार कोण? त्यांच्या बायकोनं दोनदा हलवलं, मग पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, घरी यांना दुपारी पत्र्याखाली डोळा लागतच नाही. पाऊण तास आम्ही सगळे त्यांचं घोरणं ऐकत बसलो. मुलगा बिचारा ओशाळला. काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं सुनीताला हळूच विचारलं, की घराला प्लास्टर का नाही केलं?

सुनीता म्हणाली, "वडिलांनी बांधलंय. झाकायचं कशाला?"

मिस्त्रींनी मान वळवली आणि खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसले.

आप्पा जागे झाले ते एकदम ताजेतवाने. थंडगार भिंतीवर तळहात ठेवला, दुसरा ठेवला. "हे कशाचं हाय?"

मिस्त्रींनी सरांकडे पाहिलं. सरांनी मंदाताईंकडे पाहिलं. "माती हाय आप्पा," मिस्त्री म्हणाले. "मीच पाडल्यात विटा."

आप्पा उठून बाहेर गेले. भर उन्हात घराभोवती एक चक्कर मारली, आत आले आणि पुन्हा त्याच जागी टेकून बसले.

"पोरगी पसंत हाय," ते म्हणाले. "पण लग्न एवढ्यात नाय करायचं."

मिस्त्रींच्या मंडळी आतल्या दारातून पुढे आल्या.

"आमच्या घरावर पत्रे हायेत. असल्या घरातली पोर वैशाखात तिथं नांदायची नाय. दर उन्हाळ्याला माहेरी पळंल, अन् तिच्यामागं आमचं पोरगं. आधी तिथं अशी एक खोली बांधा, मग दिवाळीनंतर बार उडवू."

मंदाताईंचा हात सरांच्या शर्टाकडे गेला, पण तोवर सर उठून उभे राहिले होते.

"किती बाय किती?" त्यांनी विचारलं.