पिवळा कुत्रा आणि मामंजींचं पाणी

ये गं, अशी जवळ ये. लांबून बोललीस की मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी माझ्या मनाने भरते, मग भांडणं होतात. बस. आणि त्या कुत्र्यालाही आण इकडे. अगं, काय दशा केलीस त्याची! काल कडुलिंब, आज कोरफड, आणि आता हे पांढरं काय थापलंयस, दही? म्हणजे उद्या मीठ-मोहरी घालून त्याची कोशिंबीर करशील. शहाणी माझी नात! पण तुला तरी काय बोलू? हा गुण तू माझ्याचकडून घेतलायस. तुझ्या पणजोबांच्या कुत्र्यावर मी जे प्रयोग केले त्यापुढे तुझं हे दही म्हणजे काहीच नाही.

माझं लग्न होऊन मी डोंबिवलीला आले तेव्हा आमच्या चाळीच्या मागे भातखाचरं होती. पुढे अंगण, अंगणात विहीर, विहिरीजवळ कडुलिंब. मालक तिथलेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे शेतकरी; चाळ त्यांनी अलीकडे बांधलेली आणि स्वतः बाजूच्या कौलारू घरात राहायचे. आमच्या दोन खोल्यांत हे, मी आणि मामंजी. सासूबाई गेल्यावर ह्यांनी मामंजींना कोकणातून इथे आणलं. आणलं खरं, पण आले ते नुसते शरीराने. सकाळी खुर्चीत बसत ते रात्रीपर्यंत. जेवायला हाक मारली की येत, ताटात पडेल ते खात, पुन्हा खुर्ची. बोलणं म्हणून नाही. नव्या सुनेला सासरा बोलत नाही म्हणजे काय वाटतं ते तुला नाही कळायचं. मला वाटे, माझा स्वयंपाकच इतका वाईट असेल की बोलण्यासारखं काही उरतच नसेल.

मग एक दिवस स्टेशनाच्या बाजूने एक पांढरा कुत्रा आला आणि मामंजींच्या खुर्चीखाली बसला. का, ते त्यालाच ठाऊक. दुसऱ्या दिवसापासून मामंजी उठून त्याला घेऊन मानपाड्याच्या वाटेने शेतांतून फिरायला जायला लागले. आणि अगं, बोलायला लागले! आमच्याशी नाही, कुत्र्याशी. ‘अरे, तिकडे चिखल आहे, इकडून चल.’ ‘अरे, आमच्याकडे यंदा सुपारी कशी झाली असेल रे?’ मी दाराआडून ऐकायची. सासऱ्यांचा आवाज मला पहिल्यांदा कळला तो असा, कुत्र्याच्या मेहरबानीने.

आणि त्याच कुत्र्याला खाज सुटली. आधी कान, मग पाठ, मग पोट. खाजवून खाजवून कातडी लाल केली, केस गेले, शेपटीची दोरी झाली. चाळीतल्या बायका मुलांना आत ओढायला लागल्या. एक दिवस मालक अंगणात आले आणि मला म्हणाले, “वहिनी, चंपाषष्ठीला आमच्याकडे पावणे येतात. अंगणात खंडोबाची तळी उचलायची असते. तिथे हा खरजुला फिरायला नको. तवर बरा झाला तर राहू द्या. नायतर आमचा गाडीवान त्याला खाडीपलीकडे सोडून येईल.”

मामंजी खुर्चीत होते.  त्यांचा हात खाली गेला आणि कुत्र्याच्या डोक्यावर राहिला.  कुत्रा गेला की तो आवाजही जाणार, हे मला लख्ख दिसलं. आणि मी पदर खोचून म्हणाले, “काळजी नको. मला औषध माहीत आहे.”

मला काय माहीत होतं? माहेरी आमच्या गल्लीत एक वैद्य राहायचे, एवढंच. त्यांच्या दारावरून मी शाळेत जायची. तेवढ्या भांडवलावर मी वैद्यकी सुरू केली.

पहिल्या दिवशी कडुलिंबाचा पाला उकळला. हिरवंगार पाणी घंगाळात ओतून मोरीत निवायला ठेवलं आणि वाण्याकडे गेले. परत येते तर हे आंघोळ करून कपडे घालतायत. म्हणाले, “आज पाण्याला कसला वास गं? आणि ओठाला कडू लागलं.” मी म्हटलं, “विहिरीत पाला पडला असेल.” पुढे दोन-तीनदा असंच झालं. घरात त्या दिवसांत सगळ्यात नितळ कातडी कुणाची असेल तर ती ह्यांची. एकूण कुत्र्याच्या वाट्याला कमीच पाणी गेलं.

मग शेजारणीने सांगितलं, ताकात डाळीचं पीठ कालवून लाव. लावलं. कुत्र्याने मान वळवली, चाखलं, आवडलं, आणि जीभ पोचेल तिथवर स्वतःला पुसून काढलं. जिथे पोचेना तिथे ते वाळून त्याचे पापुद्रे झाले. अर्धं पिठलं अंगावर घेऊन तो चाळभर हिंडला. मग करंजाचं तेल आणलं. करंजाच्या तेलाचा वास तू घेतला नाहीस ना? नको घेऊस. समोरच्या खोलीतल्या काकू नाकाला पदर लावून म्हणाल्या, “अहो, कुत्रा बरा व्हायचा तेव्हा होवो, आम्ही आधी जायच्या.”

तरी गंमत बघ, कातडीचा लालपणा कमी होत होता. खाजवणं थोडं थांबलं होतं. मला अर्थातच वाटलं, माझा हात! मी नळावर, नाही गं, नळ कुठला तेव्हा, विहिरीवर रहाटाला हात लावून बायकांना सांगत सुटले की माहेरी आमच्याकडे वैद्यकीच आहे. गल्लीतले वैद्य एव्हाना घरातले झाले होते.

पण चंपाषष्ठी उजाडली आणि पाठीवरचे उघडे डाग काही भरले नव्हते. बरा होतोय, पण दिसायला खरजुलाच. अंगणात सारवण झालं, पाट मांडला, मालकांच्या घरातून वांगं भाजल्याचा वास यायला लागला.  मग मला सुचलं. हळद! हळदीने खाजही शमते आणि डागही झाकतात. थंडीने गोठलेलं खोबरेल तेल वितळवलं, डब्यातली होती नव्हती ती हळद त्यात ओतली आणि कुत्र्याला नाकापासून शेपटीपर्यंत माखला. नवरीच्या हळदीला एवढी हळद नव्हती. मग त्याला मागच्या खांबाला जुन्या लुगड्याच्या काठाने बांधला आणि घरात येऊन देवाला हात जोडले.

लुगड्याचा काठ तो किती टिकणार? आणि वांग्याच्या भरताचा वास तो किती सोसणार?

अंगणात पाचजणांनी तळी उचलली, “येळकोट येळकोट जय मल्हार!” झालं, भंडारा उधळला, आणि त्या पिवळ्या धुरळ्यातून आमचा पिवळा कुत्रा चालत आला. थेट पाटापुढे. तिथे थांबून त्याने अंग झाडलं. पाव्हण्यांच्या पांढऱ्या धोतरांवर पिवळे शिंतोडे.

 मी खिडकीत. मालकांची म्हातारी आई पुढे बसली होती, तिने दोन्ही हात जोडले. “आला गो बाय! देवाचा कुत्रा आला!”

खंडोबाबरोबर कुत्रा असतो, त्या दिवशी कुत्र्याला नैवेद्याचा घास घालायचाच असतो, हे मलाही माहीत होतं. पण माझ्या डोक्यात तेव्हा फक्त डाग होते, देव नव्हता. म्हातारीने स्वतःच्या हाताने भरत-भाकरीचा पहिला घास त्याच्यापुढे ठेवला. बायका त्याच्यावर आणखी भंडारा टाकायला लागल्या. ज्या काकूंनी नाकाला पदर लावला होता त्यांनी तोच पदर सावरून त्याला नमस्कार केला.

मालक मात्र त्याच्याकडे बघत होते. मग त्यांनी खिडकीकडे बघितलं. माझे हात कोपरापर्यंत पिवळे. मी पटकन मागे घेतले, पण उशीर झाला होता.

“काय वहिनी,” ते म्हणाले, “देव हळद लावून घ्यायला तुमच्याकडे उतरला होता काय?”

म्हातारी त्यांच्यावरच उखडली. “गप रं! देवानं लावली काय, वहिनीनं लावली काय, घास खाल्ला ना त्याने? आता दारातून हाकलशील?”

मालक हसले. गाडीवानाचं नाव पुन्हा निघालं नाही.

संध्याकाळी मी बघते तर मामंजी विहिरीवर, कुत्रा समोर, आणि बादल्यांवर बादल्या. मी धावत गेले. “मामंजी, औषध धुऊ नका! त्यानेच बरा होतोय!”

त्यांनी वर बघितलं. अगं, इतक्या महिन्यांत माझ्याकडे थेट पहिल्यांदा. म्हणाले, “सूनबाई, मी रोजच धुतो. सकाळी तुम्ही लावता, संध्याकाळी तुम्ही चुलीपाशी असता तेव्हा मी धुतो. कडुलिंबाचं पाणी तेवढं राहू देतो. बाकीचं राहिलं असतं तर तो खाडीपलीकडे आपला आपणच गेला असता.”

 रहाटावर केलेली सगळी वैद्यकी त्या पिवळ्या पाण्याबरोबर पन्हळीतून वाहून गेली. आणि ते पुढे म्हणाले, तांब्याने पाणी घालत, जणू कुत्र्यालाच सांगतायत असं, “हिची सासूही अशीच होती रे. एकाला ताप आला की सात काढे. करायची मात्र मनापासून.”

सासूबाईंचं नाव त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा निघालं. मी दुसरा तांब्या घेतला आणि पाणी घालायला लागले. पुढे होळीपर्यंत कुत्र्याला छान केस आले, आणि मामंजींना वाचा. पहिलं वाक्य काय, ठाऊक आहे? “सूनबाई, आमटीत मीठ कमी आहे.” तेव्हापासून शेवटपर्यंत रोज काहीतरी कमीच होतं. मी कधी रागावले नाही. बरं, फार नाही रागावले.

तर ऐक. ते दही धुऊन टाक. कडुलिंबाचा पाला उकळ, पाणी पुरतं निवू दे, गाळ, त्याने अंग पूस, चाटू देऊ नकोस. एका वेळी एकच औषध. जखम ओली झाली असेल तर माझं न ऐकता सरळ डॉक्टरांकडे ने. आणि आता उठलीस तर जा, पण मागच्यासारखं सणालाच उगवू नकोस. पुढल्या रविवारी ये. ह्यालाही घेऊन ये, माझ्या खुर्चीखाली जागा आहे. हळदीचा डबा मी वरच्या फळीवर ठेवते, माझा हात पोचणार नाही अशा बेताने.