चिलापीवाली

सगुणा पहिला तासभर मला गळ पाण्यात टाकूच द्यायची नाही. स्पर्धेची शिट्टी वाजली की पाण्यानं भरलेल्या खाणीच्या चारी बाजूंनी गळ सपासप पडायचे, आणि मी आपला काठी मांडीवर आडवी घेऊन बसलेलो. शेजारचा दोन-तीन मासे काढून मोकळा व्हायचा आणि माझ्याकडं बघून हसायचा. मी चिडायचो. ती काठावर उकिडवी बसून, पदर डोक्यावरनं ओढून, पाण्याकडं बघत म्हणायची, "पाण्याला आधी आपल्याला बघून घिऊ द्या. मग आपण त्याला बघू."

सगुणा माझी बायको. तिला जाऊन वर्ष होत आलं. मी काही लिहिणारा माणूस नाही, सातवीत शाळा सुटली. पण तिला ओळखणारी माणसं तिला चुकीचं ओळखतात आणि ती चूक माझी आहे, म्हणून लिहितो.

ती भीमेच्या काठची. तिचा बाप नाव चालवायचा, जाळी टाकायचा. माझा बाप त्याच भागातला, पण गाव सोडून लवकर भोसरीला हमालीला आलेला, त्यामुळं मला पाणी ठाऊक नव्हतं. मी एका वर्कशॉपात प्रेसवर लागलो आणि एकतीस वर्षं तिथंच घालवली. लग्न होऊन ती आमच्या पत्र्याच्या खोलीत आली तेव्हा तिनं भांडी-कुंडी बघितली नाहीत. पहिलं विचारलं, "हितं नदी कुठंशी हाय?" मी तिला बसनं इंद्रायणीवर नेलं. ती पाण्यापर्यंत गेली, फेस बघितला, ओंजळ भरून वास घेतला, आणि हात झटकून परत फिरली. "ह्ये मेलंय," म्हणाली. त्यानंतर बरीच वर्षं तिनं माशांचं नाव काढलं नाही.

चाकणच्या पुढं बबनतात्यांची जुनी दगडखाण आहे. दगड काढता काढता खाली झरे लागले आणि खाण भरली. तात्यांनी तिच्यात मासे सोडले. कंपन्यांतली माणसं सुट्टीच्या दिवशी गळ टाकायला यायला लागली, आणि त्यातनंच दर वर्षी थंडी सरताना स्पर्धा भरायला लागली. नियम साधे होते. चिठ्ठी उचलायची, जो आकडा येईल त्या जागेवर बसायचं. सकाळी सात ते दुपारी एक. धरलेला मासा जाळीच्या पिशवीत घालून पाण्यातच जिवंत ठेवायचा. शेवटी पिशवीतल्या सगळ्या माशांचं मिळून वजन करायचं आणि मासे परत खाणीत सोडायचे. मेलेला मासा वजनात धरायचा नाही. प्रत्येकाबरोबर एक माणूस बसलेलं चालायचं.

पहिल्या वर्षी मी कंपनीतल्या लोकांबरोबर गेलो आणि रिकामा परत आलो. सगुणानं विचारलं, "आमिष कुणी मळलं?" मी म्हणालो, मीच. तिनं माझा हात नाकाशी धरला. "रोज आठ तास ऑइलात बुडवलेले हात. ह्या हातानं मळलेली कणीक मी बी खाणार न्हाई, मासा कशाला खाईल?"

पुढच्या वर्षी ती बरोबर आली. कणीक, शेंगदाण्याची पेंड, शिळी भाकरी आणि चिमूटभर हिंग. तिनं मळलेल्या गोळ्याला मला बोट लावायला बंदी होती. गळाला आमिष तीच लावायची. दोरीला दगड बांधून आमच्या जागेपुढची खोली हातभर हातभर मोजायची. खाण उतरती नसते, तिला पायऱ्या असतात. कोणत्या पायरीवर ऊन पडतंय आणि वारा कोणत्या कोपऱ्यात कचरा लोटतोय, एवढं बघून ती तासाभरानं बोट दाखवायची. "तितं टाका. लांब नको."

सगळे कटल्याच्या मागं असायचे. एक मोठा कटला लागला की वजन झालं, असा हिशेब. सगुणा चिलापीवर बसायची. चिलापी म्हणजे तळहाताएवढी, काट्याची, जिला खाणीत कोणी विचारत नव्हतं. "मोठा मासा नशिबाचा, बारका हाताचा," हे तिचं ठरलेलं वाक्य. मासे खायचे थांबले की इतर लोक जागेवर चुळबुळ करायचे, आमिष बदलायचे, लांब फेकायचे. ती म्हणायची, "कुठं जाऊ नगा. घास बारीक करा." खरंच, मटाराएवढा गोळा तिनं ज्वारीच्या दाण्याएवढा केला की पुन्हा मासा लागायचा.

आणि खरी गोष्ट अशी की चिलापी ओढत नाही, चोखते. काठी हलत नाही की वाकत नाही. मी काठी धरून बसायचो, आणि सगुणा माझ्या शेजारी बसून नायलॉनच्या दोऱ्यावर, तंगुसावर, उजव्या हाताचं पहिलं बोट टेकवून डोळे मिटायची. मला काही म्हणजे काही कळायचं नाही. ती हळूच म्हणायची, "हं." मी झटका द्यायचो, मासा लागलेला असायचा. सहा तास हेच. हं, हं, हं.

शेजारी बहुतेक वेळा शिंदे असायचा. चाकणमध्ये लेबर पुरवायचा. तीन-तीन परदेशी काठ्या, घडीची खुर्ची, डोळ्यांना काळा चष्मा. तो मोठ्यानं विचारायचा, "काय काका, आज पण चिलापीच का? घरी मांजर पाळलंय की काय?"

सगुणा न वळता म्हणायची, "व्हय, चिलापीच. तुमचा कटला आला की त्याला रामराम सांगा आमचा."

लोक हसायचे. तिला चिलापीवाली हे नाव शिंद्यानंच पाडलं.

आम्ही लागोपाठ चार वर्षं जिंकलो. आम्ही म्हणतो खरा, पण वहीत नाव माझं होतं. तात्या कर्ण्यावर ओरडायचे, "पयला नंबर, नामदेवराव, भोसरी!" मी पुढं जाऊन ट्रॉफी घ्यायचो, ती मागं उभी राहून आमिषाचं पातेलं धुवायची. कंपनीत माझा सत्कार झाला, हार घातला. साहेबांनी विचारलं, "नामदेव, गुपित काय?" मी म्हणालो, "काही नाही साहेब, अनुभवानं अंदाज येतो." हे मी म्हणालो. तोंडातनं तिचं नाव आलं नाही. विसरलो असं नाही. लाज वाटली. बायको सांगते आणि हा ओढतो, असं चार लोकांत कोण सांगणार?

चौथ्या ट्रॉफीनंतर ती भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "औंदा माझ्या नावानं चिठ्ठी उचला."

"तुझ्या? तिथं एक तरी बाई बसते का?"

"मी बसतेच की. चार वर्सं काय झोपले व्हते का तितं?"

"लोक काय म्हणतील?"

"आता काय म्हणत्यात? चिलापीवाली म्हणत्यातच. नावानं म्हणत्याल."

मी म्हणालो, पुढच्या वर्षी बघू. तिनं भाकरी उलटली. त्या वर्षीही माझ्याच नावानं बसलो, आणि तिनं माझ्यासाठी तसंच बोट टेकवलं. फक्त हं म्हणायच्या ऐवजी कोपरानं ढोसायची. आम्ही दुसरे आलो. मला तेव्हा वाटलं, नशिबानं हुकलं.

त्या पावसाळ्यात तिच्या पोटात गाठ निघाली. दवाखान्याच्या फेऱ्या, बाटल्या, उलट्या, केस जाणं, हे ज्यांच्या घरात झालंय त्यांना सांगायला नको आणि इतरांना सांगून उपयोग नाही. एक गोष्ट मात्र सांगतो. औषधानं तिच्या बोटांची टोकं बधिर झाली. ब्लाउजचं हुक लागेना. चहाचा कप हातात आहे की सुटलाय हे बघावं लागायचं. गरम तव्याला बोट टेकलं तरी कळलं नाही, वास आल्यावर कळलं. डॉक्टर म्हणाले, होतं असं, काहींचं जातं, काहींचं राहतं.

थंडी सरायला लागली तशी मी एकटाच तात्यांकडं गेलो आणि म्हणालो, यंदा सगुणाचं नाव लिहा.

तात्यांनी विचारलं, "बरी हाय का ती?"

"नाही."

"मंग?"

"मग काय. लिहा."

"लिवतो. बाईनं बसू न्हाई असं आमी कुठं म्हणलंय? तुमीच कवा आनलं न्हाई नाव."

घरी येऊन सांगितलं. वाटलं होतं हसेल. ती म्हणाली, "आता?" एवढंच. पण रात्री जेवताना म्हणाली, "पेंड ताजी आना. मागल्या खेपेची खवट व्हती."

त्या दिवशी आमच्या मुलानं आम्हाला गाडीतनं नेलं. तिनं स्वतः चिठ्ठी उचलली. जागा चांगली होती, पूर्वेची, पायरीची. शिंदे शेजारीच आला, पण त्यानं मांजराचं विचारलं नाही, उठून तिला आपली घडीची खुर्ची दिली. सगुणानं खोली मोजली, तासभर पाणी बघितलं, मग गळ टाकला. काठी तिच्या हातात, बोट तिचं तंगुसावर. मी मागं बसलो.

आठ वाजले, नऊ वाजले. दर थोड्या वेळानं ती गळ वर घ्यायची, तो चाटूनपुसून साफ असायचा. म्हणजे चिलापी येत होती, चोखून जात होती, आणि तिला कळत नव्हतं. ती आमिष लावायची, पुन्हा टाकायची. घास बारीक केला. तंगूस ओठांत धरून बघितलं. मग तरंगा लावला, पण तो हलेपर्यंत मासा खाऊन गेलेला असायचा. मी म्हणालो, "सगुणे, मी धरू का दोरा?"

"तुमाला कवा कळलंय?"

"मग शिंद्याला सांगू?"

"गप बसा. नाव माझं लिवलंय."

बाराच्या सुमाराला तिला गळल्यासारखं झालं. मुलगा तिला धरून झाडामागं घेऊन गेला. तिची पिशवी पाण्यात रिकामी होती. मी शिंद्याकडं बघितलं. त्यानं काही न विचारता आपल्या पिशवीतल्या दोन चिलाप्या काढल्या, माझ्या हातात दिल्या आणि तोंड फिरवलं. मी त्या तिच्या पिशवीत सोडल्या. चांगलं करतोय असंच वाटलं मला. ती आली तेव्हा म्हणालो, "तू गेलीस आणि लागले बघ दोन. मी फक्त काढले."

एक वाजला, शिट्टी झाली. तात्या वजनकाटा घेऊन आमच्या जागेवर आले, सगळे भोवती जमले. तात्यांनी पिशवी वर घेतली तशी ती खुर्चीवरनं उठली.

"ते माझे न्हाईत, तात्या."

"आगं, तुज्याच पिशवीत हायेत की."

"माझा गळ साडेअकरापासून पान्याबाहेर हाय. मी आमिष संपवलं व्हतं." मग ती माझ्याकडं वळली. आवाज चढवला नाही. माणसं ऐकत होती, पण ती माझ्याशीच बोलत होती. "चार वर्सं माझे मासे तुमच्या नावावर गेले. मी चालवून घेतलं. आता दुसऱ्याचे माझ्या नावावर नको."

तिनं पिशवी घेतली आणि पाण्यात उलटी केली. बधिर बोटांनी ती धड धरताही येत नव्हती, दोन्ही तळव्यांत दाबून उलटी केली. तात्या वही धरून उभे होते. त्यांना लिहवेना. तीच म्हणाली, "लिवा की. शून्य." त्यांनी लिहिलं. तिनं वही मागून घेतली, आपलं नाव आणि पुढचा आकडा नीट बघितला, आणि परत दिली.

गाडीत मी माफी मागितली नाही. चाकणच्या चौकात गाड्या तुंबल्या होत्या तेव्हा मागू म्हटलं, मग म्हटलं घरी गेल्यावर, मग म्हटलं तिला जरा बरं वाटू दे. पाडव्यानंतर पंधरा दिवसांनी ती गेली. शेवटचे चार दिवस तिला शुद्ध नव्हती. मी बोललो, पण ते बोलणं काही खरं नाही. समोरच्याला ऐकू आलं पाहिजे.

यंदाही स्पर्धा झाली. मी चिठ्ठी उचलायला गेलो नव्हतो, सांगायला गेलो होतो. सकाळी सगळे जमलेले असताना तात्यांचा कर्णा मागून घेतला आणि म्हणालो, "ऐका. ती चार वर्षं मी जिंकलो नाही. आमिष सगुणाचं होतं, जागा ती बघायची, मासा लागला हे ती सांगायची. मला मासा लागलेला आजही कळत नाही. मी नुसती काठी धरत होतो. तात्या, जुन्या वहीत नाव बदला."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. शिंदे पुढं आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, काकूंवर तुमचा फार जीव, आम्हाला माहिती आहे." तात्यांनी हळूच माझ्या हातातनं कर्णा घेतला. "बायकू गेली की मानूस आसंच बोलतो," ते बाकीच्यांना म्हणाले. "बसा नामदेवराव, च्या घ्या." मला खुर्चीवर बसवून त्यांनी शिट्टी वाजवली.